रुक्मीनं ताटावर घोंगडं टाकलं

त्या दिवशी साळंच्या पडवीत कोन कोन हुतं ते आधी सांगती, म्हंजे मागनं कुनी म्हनायला नको की आनसाबाईनं पदरचं घातलं. सुभेदार साहेब हुतं, साळा त्येंनीच काढलेली, मिलिटरीतनं रिटायर झाल्यावर. शुभांगी म्याडम हुत्या, सांगलीवरनं यायच्या, पोरांना हात धरून शिकवायच्या. निखिल हुता, साताऱ्याचा, चांगला शिकल्याला, नोकरीवाला. त्येला सोताला बी ह्या साळंतल्या लेकरांसारखंच हाय. रंजना हुती, रुक्मीची आई. बिराअण्णा हुतं, रंजनाचं सासरं, रुक्मीचं आज्जा, जतकडचं मेंढरवालं, डोईला तांबडा पटका. पोपट ड्रायव्हर पायरीवर बसल्याला, त्येला कुनी बोलावलं नव्हतं, पन चहा हुता. रुक्मी हुती. आनि मी.

मी आनसाबाई. कवठे महांकाळच्या बाजूची. साळा दुसरीपातूर, त्यात बी निम्मा येळ शेरडामागं. साहेब म्हनलं, "आनसाबाई, दिवाळी अंकात तुमच्या कामाचं काहीतरी लिहा." मी म्हनलं, मला कुठलं लिवाय येतंय. तर सूनबाई उतरून घेतीया. बोलल्यालं सुदरू नगस म्हनून बजावून बसिवलीया तिला.

माझं मालक ऊसतोडीला गेल्तं, तितं ट्रॅक्टरखाली आलं. पदरात दोन पोरं. मी चार-पाच पट्टं, म्हंजे हंगाम, ऊस तोडला, मोळ्या डोईवर घिऊन फळीवरनं ट्रकात चढायची. मग गुडघं गेलं. मोळी उचलंना. तवा कुनीतरी सांगितलं, तालुक्याला येड्या पोरांची साळा निघालीया, गाडीवर बाई पायजे. गेले. साहेबांनी इचारलं, "मुलांची सवय आहे का?" मी म्हनलं, दोन हाईत. म्हनलं, "रागावता का?" मी म्हनलं, दमल्यावर कोन रागवत न्हाई. ठिवून घेतलं.

गाडीवरची मावशी म्हंजे काय करती, ते बाहेरच्याला ठावं नसतं. लोकास्नी वाटतं, पोरं गाडीत कोंबायची आनि दार लावायचं. तसं केलं तर एक बी पोरगं साळंत पोचायचं न्हाई. येकेकाची येक तऱ्हा. येक पोरगा हुता, तो गाडीत पाठमोराच चढायचा. तोंड गाडीकडं केलं की रडायचा. मग आमी त्येला उलटाच चढवायचो, पोपट म्हनायचा, "आक्का, रिव्हर्स आला." येका पोरीला समद्या खिडक्या सारख्या उगडल्याल्या लागायच्या, येक जरी इतभर खाली-वर झाली की किंचाळायची. येक पोरगी दिवसभर यष्टी ष्टँडवरचा पुकारा करायची, "मिरजकडे जाणारी बस फलाट क्रमांक..." तिच्या आईला वाटायचं ही कायच बोलत न्हाई. बोलायची की, पन फक्त यष्टीचं.

दार लावायच्या आधी सांगायचं, "आता दार वाजनार." हॉर्न मारायचा न्हाई. ज्येची जागा त्येलाच द्यायची. आनि सगळ्यात मोठं म्हंजे मनगट धरून वडायचं न्हाई. आपला तळहात उगडून म्होरं धरायचा आनि थांबायचं. पोरगं सोता हात ठिवतं. कदी लगीच, कदी लय येळानं. पोपटला ह्येचा लय राग यायचा. घड्याळ बगायचा. पन हात ठिवला की ते पोरगं निम्मी लढाई जिंकल्यालं असायचं, आनि मी बी.

येकदा तिट्ट्यावर गाडी थांबल्याली, तर येक मानूस वाकून आत बगून म्हनला, "येड्यांची गाडी व्हय?" पोपट म्हनला, "व्हय पाव्हनं, या, येक जागा हाय अजून." त्या दिवसापास्नं पोपट मला भावागत वाटाय लागला.

साळंच्या पाटीवर लिवलं हुतं, स्वमग्न. साहेबांनी मला सांगितलं, म्हंजे आपल्यातच रमल्यालं. मला ते तवा बी पटलं न्हाई आनि आता बी पटत न्हाई. ही पोरं आपल्यापरीस जास्त ऐकत्यात, म्हनून कान झाकत्यात.

माझा धाकटा भाऊ, दगडू, असाच हुता. बोलायचा न्हाई, डुलायचा, हात हलवायचा. आई रानात जाताना त्येला वाड्यातल्या मेढीच्या खांबाला कासऱ्यानं बांधून जायची. हीर जवळ हुती, आईनं दुसरं काय करावं. तो लवकर गेला. त्येला काय म्हंत्यात ते मला साळंत कामाला लागल्यावर कळालं. आईला सांगायचं ऱ्हाऊन गेलं, ती तवर नव्हती.

आता रुक्मीचं सांगती.

रुक्मी गाडीच्या अगदी शेवटच्या थांब्याची. तितनं म्होरं कानडी मुलूख लागतो, घराघरात दोनी भाषा. आठ-नऊ वर्साची असताना आली. बोलायची न्हाई. डुलायची, घशातनं हूं हूं करायची, हात पाखरागत झाडायची. लय आवाज झाला की सोताचं मनगट चावायची, रगात निघंपातूर. हातात सदा न् कदा येक काळा घोंगडीचा तुकडा. अण्णांच्या जुन्या घोंगडीचा. बारकी असताना ती त्याच घोंगडीवर अण्णांच्या मांडीवर निजायची, घोंगडी इरली तरी तिनं तेवडा तुकडा सोडला न्हाई.

शुभांगी म्याडमनी तिच्यावर लय मेहनत केली. मी डोळ्यानं बगितलंय. जेवाय शिकिवलं, मोरीत जायला शिकिवलं, चित्रावर बोट ठिवून पानी मागायला शिकिवलं. रंजना म्हनायची, "आक्का, म्याडमच्या पाया पडावं वाटतंय." पन म्याडमचं येक हुतं. हात शांत पायजेत. पोरीनं हात झाडले की त्या येक वाळूची पिशवी तिच्या हातांवर ठिवायच्या, टेबलावर, गच्च. आनि घोंगडीचा तुकडा वर्गात न्हाई. तो माझ्याकडं गाडीत, पिशवीत. सुटल्यावर द्यायचा.

निखिल महिन्यातनं येकदा यायचा. साहेबांच्या वळकीतला. पोरांच्या आयबापास्नी सांगायचा की ही पोरं कशी असत्यात, आतनं काय वाटतंय. बोलायचा सरळ, येका सुरात, कुनाकडं न बगता. पयल्याच दिवशी त्येनं ती वाळूची पिशवी बगितली आनि म्याडमला म्हनला, "हे चुकीचं आहे." म्याडमचा चेहरा लाल. तवापास्नं दोगांचं जे वाजलं ते आजपातूर वाजतंय.

ह्या भांडनाला तिसरं तोंड फुटलं ते रुक्मीच्या गावात. पोरगी जरा मोठी झाली. येका वर्सी गावदेवीच्या जत्रंत ढोल वाजाय लागलं, तशी ही डुलाय लागली, हूं हूं करू लागली, केस सुटलं. आमच्याकडं बाईच्या अंगात आलं की ती अशीच घुमती. लोक म्हनलं, देवी आली. कुनीतरी पायावर पानी घातलं, कपाळाला भंडारा लावला. येकानं नारळ ठिवला, तर रुक्मीनं त्येच्यावर घोंगडीचा तुकडा टाकला. झालं. देवीनं नारळ पदराखाली घेतला, म्हनलं. ज्येचा नारळ हुता त्येची म्हस नेमकी त्याच हप्त्यात याली. मग काय, अमुशा-पुनवंला लोक याय लागलं. कुनाला पोर पायजे, कुनाची बोर लागंना, कुनाची मिलिटरीची भरती हाय. म्होरं ताट ठिवायचं. पोरीनं घोंगडं टाकलं की चांगभलं.

आनि अण्णांनी ठरिवलं की ह्या जत्रंपास्नं रुक्मीची साळा बंद. देवळाच्या शेजारी खोली बांधायची, पोरीनं तितंच ऱ्हायाचं. देवीचं झाड, म्हंजे जिच्या अंगात देवी येती ती, म्हनून. भावकी समदी खूश. रंजनाला काय बोलायची चोरी. नवरा मिलिटरीत, लांब. ती मला गाडीपाशी म्हनली, "आक्का, मामांना काय तरी सांगा. पोरगी हातनं गेली माझ्या." मी साहेबांना सांगितलं. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. तो दिवस ह्यो.

अण्णा पडवीत आलं, काठी भितीला लावली, खुर्ची दिली तर खाली बसलं. साहेब म्हनलं, "अण्णा, पोरीचं शिक्षण बंद करू नका. चांगली प्रगती आहे."

अण्णांनी इचारलं, "परगती म्हंजे काय वं साहेब?"

म्याडम म्हनल्या, "दाखवते की." त्येंनी रुक्मीला टेबलाशी बसिवलं. ती हात झाडत हुती. म्याडमनी पिशवी तिच्या हातांवर ठिवली. हात थांबलं. म्याडम म्हनल्या, "बघा. किती शांत बसलीय. बसमध्ये, बाजारात असे हात हलवले तर लोक हसतात, पोरं दगड मारतात. आणि चावून घेते ते थांबायला नको? रक्त येऊ द्यायचं का?"

अण्णांनी पिशवीकडं लय येळ बगितलं. मग म्हनलं, "म्याडम, तुमी शिकलेल्या. मी मेंढरामागं हिंडल्याला मानूस. पन येक सांगा. तुमच्या साळंत तिचं हात दाबून ठिवत्यात. आमच्या गावात तिच्या हाताला हळदकुंकू लावत्यात. कुठलं बरं?"

मला तर मेढीला बांधल्याला दगडूच दिसला. अण्णांचं खोटं न्हवतं. दगडूला गावानं हात जोडलं असतं तर त्येला कासरा लागला नसता, असं मनात आलं माझ्या.

निखिल भितीकडं बगत म्हनला, "दोन्ही नाही बरं. तिला बदलायची गरज नाही. आवाज कमी करा, चावणं कमी होईल. ती आजारी नाही."

तशी रंजना फिरली त्येच्यावर. कदी आवाज न चढिवनारी बाई. म्हनली, "दादा, तुला बोलता येतं. तुला नोकरी हाय. माझी पोरगी पाळी आल्यावर कापड फेडून टाकती, मला रोज धुवायला लागतंय. मी मेल्यावर हिचं कोन करनार? तू यून करनार? उद्या कुठली गोळी निघाली तर मी पयली जाऊन आनीन. तू नको सांगू मला आजारी न्हाई म्हनून."

निखिलनं कान हातानं झाकलं. तसंच झाकून म्हनला, "तुमचं बरोबर आहे. मला ते माहीत नाही. मी फक्त ती आता काय म्हणतेय ते सांगू शकतो."

"ती कुठं काय म्हनतीया?" रंजना म्हनली.

"नको म्हणतेय."

आमी समद्यांनी रुक्मीकडं बगितलं. त्या दिवशी पाव्हनं आल्यालं म्हनून तुकडा तिच्याकडंच ऱ्हायला हुता. तिनं पिशवीखालचा येक हात सोडवून घेतल्याला, आनि घोंगडीचा तुकडा मांडीवरनं उचलून पिशवीवर टाकला हुता. नीट, कडा जुळवून.

म्याडम म्हनल्या, "तो तिचा सवयीचा कपडा आहे. कशावरही टाकते."

"कशावरही नाही," निखिल म्हनला. "बघा करून."

पोपटनं लगीच आपला चहा म्होरं केला. रुक्मीला चहा लय आवडायचा. तिनं कप घेतला, पिऊन टाकला. पोपट म्हनला, "ऱ्हाव द्या, मी दुसरा घेतो." मी आत जाऊन दूध आनलं, साय आल्यालं. म्होरं ठिवलं. रुक्मीनं पिशवीवरचा तुकडा उचलला आनि दुधावर टाकला.

रंजना खालीच बसली. हसावं का रडावं तिला कळंना. म्हनली, "आगं बया. मला वाटायचं माशी बसू नये म्हनून झाकती. सासूला सांगायची मी, बगा किती शानी हाय. आनि मग तेच दूध धरून पाजायची हिला. रोज."

मला बी आटवलं, गाडीत ती कदीमदी माझ्या डब्यावर तुकडा टाकायची. मला वाटायचं, खेळतीया. मेथीची भाजी असली की टाकायची.

म्याडम पुन्ना उठल्या. शेंगदानं ठिवलं, रुक्मीनं खाल्लं. गजर वाजनारं घड्याळ ठिवलं, झाकलं. मग त्या खुर्चीत बसल्या. म्हनल्या, "पाणी दे, भाकरी दे, हे मी शिकवलं. नको कसं म्हणायचं ते शिकवलंच नाही. आणि तिच्याकडे होतं ते काढून गाडीत ठेवलं."

तवाच अण्णा बोललं. हळू. "मंग नारळावर टाकती त्ये?"

म्याडमनी घड्याळावरचा तुकडा उचलून रुक्मीच्या हातात दिला.

अण्णा उठलं, काठी घेतली, पायतान घातलं. साहेब म्हनलं, "अण्णा, चहा घ्या." अण्णा म्हनलं, "जत्रा तोंडावर हाय. मी सबूद दिलाय लोकास्नी." आनि गेलं.

त्या दिवसापास्नं वाळूची पिशवी रुक्मीच्या टेबलावरनं गेली आनि तुकडा वर्गात आला. आता तुमाला वाटंल, समदं गोड झालं. कसलं. पोरीला कळालं की आपन तुकडा टाकला की समोरचा थांबतोय. मग तिनं जगालाच नको म्हनायला सुरवात केली. अंगुळीच्या बादलीवर घोंगडं. केसाच्या फनीवर घोंगडं. म्याडमच्या चित्रांवर घोंगडं. येका सकाळी गाडीच्या पायरीवर घोंगडं टाकून उबी. पोपट म्हनला, "आक्का, आता गाडीबी देवीनं पदराखाली घेतली."

म्याडम निखिलला फोनवर म्हनल्या, "तुझ्यामुळे तिचं सगळं शिक्षण थांबलंय." तो म्हनला, "आयुष्यभराचं नको साचलंय. संपेल." म्याडम म्हनल्या, "आणि नाही संपलं तर?" तो म्हनला, "तर नाही संपलं." म्याडमनी फोन आपटला. पन पिशवी परत काढली न्हाई, ही त्येंची थोरवी. आनि खरंच, हळूहळू ते कमी झालं. अंगुळ सुरू झाली, कोमट पान्यानं. आधी रंजना कडक द्यायची. मनगट चावनं पार गेलं असं मी म्हननार न्हाई, पन मनगटाची जखम वाळली. ती वाळल्याली मी पयल्यांदाच बगत हुते.

पन जत्रा आली.

रंजनाचा निरोप आला, आक्का, तुमी तरी या. मी आनि पोपट गेलो, शुभांगी म्याडम आपल्या गाडीनं आल्या. निखिल आला न्हाई. म्हनला, "ढोल असतात. मला सहन होत नाही. तिलाही होत नाही. तिला विचारलंय का कुणी, यायचं का?" पन त्येनं सोताचं कानावर घालायचं झाकन पाटवून दिलं, आवाज दाबनारं. रंजनानं ते पोरीच्या कानावर चढिवलं. येक म्हातारी हात जोडून म्हनली, "देवीनं औंदा विंग्रजी मुकुट घातला."

दुपार हुती. देवळाम्होरं लिंबाच्या सावलीत चौरंग, त्येच्यावर रुक्मी, नवं पातळ नेसवल्याली. गजीढोलाचा गोल फिरत हुता. भंडाऱ्यानं समदं पिवळं. मानसांची रांग पार वड्यापातूर. चौरंगाशेजारी अण्णा उबं, धुवट धोतर, पटका. भावकी मागं. त्या दिवशीच खोलीचा नारळ फुटायचा हुता.

पयली आली येक बाई, शिवंपल्याडची, संगं सून. सुनंला मूल न्हवतं. बाईनं ताट ठिवलं, खन, नारळ, भंडारा. हात जोडून कानडीत काय काय बोलली. रुक्मी डुलत हुती. तिनं हातातला तुकडा ताटावर टाकला. नीट, कडा जुळवून.

चांगभलं म्हनून समदी वरडली. ती बाई रडाय लागली, सुनंला मिठी मारली. ढोल आनखी चढलं. रुक्मीचं मनगट तोंडाकडं गेलं.

मी अण्णांकडं बगितलं. अण्णा ताटाकडं बगत हुतं. मग ते वाकलं. तुकडा उचलून पोरीच्या हातात दिला, ताट बाजूला सारलं. शेजारी कुनाच्या तरी हातात चहाचा कप हुता, तो घेतला आनि रुक्मीम्होरं धरला. ती प्याली. अण्णांनी परत ताट म्होरं ठिवलं. तिनं परत तुकडा टाकला.

अण्णांनी हात वर केला. "ढोल थांबवा."

ढोल थांबलं. येवड्या मानसांत नुस्तं लिंबाचं पान वाजत हुतं.

अण्णा त्या बाईला म्हनलं, "बाई, तुजं गाऱ्हानं देवळात घाल. देवी तितं आत हाय, तिला तुजं कळंल. ही देवी न्हाई. ही माझी नात हाय. आनि ती नको म्हंतिया." बाईला उमजंना, तर कानडीत सांगितलं, "ब्याड अंताळ."

मागनं भावकीतला येक जन म्हनला, "अण्णा, काय बोलताय? देवीचा कोप हुईल."

"हुंदे. माझ्यावर हुंदे."

"आनि इतकी वर्सं तिनं लोकास्नी कौल दिलं ते?"

"इतकी वर्सं ती नकोच म्हनत हुती," अण्णा म्हनलं. "आपन चांगभलं म्हनत हुतो."

मानसं कुजबुजली. कुनी उठून गेलं. कुनी म्हनलं, म्हातारा बिगडला. तो भावकीतला तर काठी आपटून म्हनला, खोलीचा पाया काडलाय, आता त्यात काय मेंढरं बांधायची? अण्णा म्हनलं, "बांद. त्येंना चालंल. त्येंना इचार आधी."

लोक हसलं. ते हसल्यावर मी वळखलं, आता हितं भांडान व्हायचं न्हाई.

मग अण्णांनी जे केलं ते मी मरंपातूर इसरनार न्हाई. पोरीला चौरंगावरनं उतरवायचं हुतं. गावाकडचा आज्जा, काखंत हात घालून उचलला असता, कुनी काय म्हनलं नसतं. अण्णा तिच्याम्होरं उबं ऱ्हायलं, तळहात उगडला आनि म्होरं धरला. आनि थांबलं. रोज सकाळी थांब्यावर पोरीला सोडाय यायचं, तवा मला बगत असायचं. मला वाटायचं त्येंचं ध्यान मेंढराकडं हाय.

समदी जत्रा थांबली. रुक्मी डुलत हुती. अण्णांचा म्हातारा हात खाली आला न्हाई. पोपटनं घड्याळ बगितलं न्हाई. लय येळानं पोरीनं आपला पिवळा हात त्येंच्या हातावर ठिवला. दोगं गर्दीतनं चालत गेली. मानसांनी वाट दिली. मागं रंजना, पदरानं त्वांड झाकून, हसतीया का रडतीया.

शुभांगी म्याडम माझ्याशेजारी उब्या हुत्या. भंडारा डोक्यात पडल्याला, झाडला न्हाई त्येंनी. मोबाईल काडला आनि निखिलला सांगितलं, "झालं." पलीकडनं तो काय म्हनला कुनास ठाऊक, म्याडम म्हनल्या, "हो हो, कळलं, पण म्हणून मी सगळंच बंद करणार नाही." म्हंजे पुन्ना सुरू.

दुसऱ्या दिवशी गाडी शेवटच्या थांब्यावर गेली. अण्णा आनि रुक्मी उबी. साळा बंद व्हायची हुती, ती पोरगी दप्तर घिऊन उबी. माझं काळीज सुपायेवडं झालं. मी पायरीवरनं तळहात म्होरं धरला. रुक्मी म्होरं आली आनि पायरीवर घोंगडं टाकलं.

अण्णांनी माझ्याकडं बगितलं. मी अण्णांकडं. काय करता? जत्रंनं दमली असंल. मी म्हनलं, "बरं बाई, उद्या." पोपट म्हनला, "चला, आज म्हाराणींची रजा," आनि गाडी वळवली. त्येच्या पुढच्या दिवशी ती आली, चढली, आपल्या जागंवर बसली.

आता मी घरीच असती, गुडघं पायरी चढू देत न्हाईत. रुक्मी मोठी झाली. बोलत न्हाई अजून. साहेबांनी साळंच्या मागं मोठ्या पोरींसाठी चटन्या कुटायचं, पाकिटं भरायचं काम काडलंय, तितं जाती. मिरच्या कुटायच्या यंत्रावर घोंगडं टाकती, म्हनून ती पाकिटं भरती. वाळूची पिशवी साळंत अजून हाय. येका पोराला ती मांडीवर लागतीच, काडली की तो मागतो. निखिल आनि म्याडम अजून भांडत्यात. रंजना अजून म्हंती, गोळी निघाली तर आनीन. निखिल म्हंतो, नका आनू. मग दोगं येका ताटात जेवत्यात. मला यातलं कोन खरं ते सांगता याचं न्हाई, ती मोठी मानसं हाईत. त्या खोलीत मात्र खरंच मेंढरं बांधत्यात.

अण्णा मागल्या साली गेलं. शेवटी शेवटी पडूनच हुतं. भावकीनं म्हनलं तालुक्याच्या दवाखान्यात नळ्या लावून ठिवू. रंजना सांगत हुती, अण्णांनी रुक्मीला हाक मारली, तिच्या हातातला तुकडा मागून घेतला, आनि डाक्टरच्या चिठ्ठीवर टाकला. घरातली समदी समजली. कुनी नेलं न्हाई. घरीच, आपल्या घोंगडीवर गेलं.

ह्ये वाचनाऱ्याला माझी येकच इनंती हाय. तुमच्या घरात, भावकीत, शेजारी असं बिनबोलकं लेकरू असंल, तर आज त्येच्याम्होरं त्येला न आवडनारी येक बारकी गोष्ट ठिवा आनि गप बसून बगा. ते मान फिरवंल, हात झाडंल, उठून जाईल, न्हाईतर काय तरी टाकंल. ते त्येचं नको हाय. बगितलं की ती गोष्ट उचलून बाजूला ठिवा.